बिभा चौधुरी : संशोधकाची पहिली तेरा वर्षे



भौतिकशास्त्रात संशोधक व्हायला काय लागते, असे बारावीतल्या मुलांचे पालक नेहमी विचारतात. हुशारी लागतेच. तिच्याखेरीज काय लागते, ते बिभा चौधुरींच्या उमेदवारीच्या काळात स्पष्ट दिसते.

त्यांचा जन्म १९१३ चा, कलकत्त्याचा. १९३६ साली त्या कलकत्ता विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या. वर्गात मुलगी एकटी त्याच. पुढे त्या देवेंद्रमोहन बोस यांच्याकडे संशोधनासाठी गेल्या. स्त्रीला देण्याजोगे काम आपल्यापाशी नाही, असे बोस आधी म्हणाल्याचे चरित्रकार सांगतात. बिभाबाई मागे हटल्या नाहीत. १९३८ मध्ये बोस हे बोस इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि दोघांचे काम तिथे उभे राहिले.

काम होते विश्वकिरणांचे. अवकाशातून येणारे हे किरण हवेतल्या अणूंवर आदळतात, तेव्हा नवे कण जन्मतात. त्यातले बरेच क्षणभंगुर, जमिनीवर पोचण्याआधीच नष्ट होणारे. त्यांना गाठायचे तर डोंगर चढायला हवा. म्हणून दार्जिलिंगला आणि ३,६०० मीटरहून उंच असलेल्या सांदकफूला फोटोच्या काचा महिनोन्महिने ठेवल्या गेल्या. विद्युतभारित कण काचेवरच्या लेपातून गेला, की काच धुतल्यावर त्याच्या वाटेवर काळ्या ठिपक्यांची रांग उमटते. ठिपक्यांमधले अंतर आणि रांगेची वळणे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि त्यावरून कणाचे वस्तुमान काढायचे. डोळ्यांची आणि चिकाटीची कसोटी पाहणारे हे काम. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट वस्तुमानाचे कण त्यांना सापडले, आणि हे निष्कर्ष १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘नेचर’मध्ये छापून आले.

पण महायुद्ध सुरू होते. हव्या त्या दर्जाच्या काचा कलकत्त्यात मिळेनात, आणि हाती होत्या त्यांवर मोजमाप पुरेसे अचूक होईना. १९४७ साली ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटाने याच पद्धतीने, अधिक संवेदनशील काचा वापरून पाय-मेसॉन हा कण शोधला. १९५० चे नोबेल पॉवेलना मिळाले. बोस-चौधुरींच्या आधीच्या कामाची नोंद त्यांनी स्वतः घेतली आहे.

बिभाबाई १९४५ मध्ये मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि विश्वकिरणांच्या वर्षावांवर त्यांनी प्रबंध लिहिला. १९४९ साली होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. एम.एस्सी.पासून इथवर यायला तेरा वर्षे लागली.

या तेरा वर्षांतून मला तीन गरजा दिसतात. दार उघडणारा मार्गदर्शक हवा, साधने वेळेवर हवीत आणि धीर धरणारे घर हवे. पहिली गरज त्यांनी हट्टाने मिळवली. तिसरीसाठी आजच्या पालकांना माझे सांगणे आहे : पीएच.डी. आणि त्यानंतरच्या तात्पुरत्या नेमणुका यांत मुलीची वर्षे जातील. ती वाया गेली असे घरात कुणी म्हणू नये, कारण संशोधक घडतो तो त्याच काळात.

दुसरी गरज मात्र एकट्या संशोधकाच्या हातची नसते. या सभागृहात महाविद्यालयांचे संस्थाचालक बसले आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : प्रयोगशाळेतून आलेले मागणीपत्र टेबलावर पडून राहू देऊ नका. कलकत्त्यात बुद्धी होती, पद्धत होती, डोंगरही होते. अडले ते काचांपाशी. तेव्हा युद्ध होते, आज ती सबब आपल्याला नाही.