सूर्य विझविणारा माणूस



आजचे ज्ञान बरोबर घेऊन आपण हजार-दीड हजार वर्षे मागे गेलो तर काय होईल, ही कल्पना शाळेतील मुलांना फार आवडते. मोठ्यांनाही ती आवडते, फक्त ते तसे बोलून दाखवीत नाहीत. जेथे आगगाडी नाही, विजेचा दिवा नाही, रोगावर लस नाही, तेथे शाळा शिकलेला साधा माणूसही बृहस्पती ठरेल आणि वर्षा-दोन वर्षांत राज्याची सूत्रे आपोआप त्याच्या हाती येतील, असे आपणांस वाटते. या समजुतीत तथ्य किती आहे, हे आज पाहावयाचे आहे.

या कल्पनेवरील सर्वांत गाजलेली कादंबरी अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याने 1889 साली प्रसिद्ध केली. तिचा नायक हँक मॉर्गन हा हार्टफर्ड येथील शस्त्रांच्या कारखान्यातला मुकादम. भांडणात डोक्यावर तडाखा बसून तो बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो सहाव्या शतकात, इंग्लंडातील आर्थर राजाच्या राज्यात. त्याला जिवंत जाळण्याची शिक्षा होते. परंतु 21 जून 528 या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे, हे त्यास ठाऊक असते. "मला हात लावाल तर सूर्य विझवून टाकीन," अशी तो धमकी देतो. आकाश काळवंडू लागते, राजा घाबरतो आणि कालचा कैदी आज राज्याचा कारभारी होतो.

ही युक्ती आपण कोलंबसापासून उचलली, असे तो नायकच सूचित करतो. आणि कोलंबसाची हकीकत खरी आहे. 1503 च्या जून महिन्यात त्याची किडीने पोखरलेली जहाजे जमेका बेटाच्या किनाऱ्यास लागली. तेथील रहिवाशांनी मणी, घुंगरे अशा वस्तूंच्या मोबदल्यात कित्येक महिने या परक्यांना अन्न पुरविले. पुढे खलाशांतील बंडखोरांनी त्यांनाच लुटले, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला. कोलंबसाजवळ रेगिओमोंटानस या जर्मन गणितज्ञाने केलेले छापील पंचांग होते. त्यात 29 फेब्रुवारी 1504 चे चंद्रग्रहण दिलेले होते. कोलंबसाने नायकांना बोलावून सांगितले की, देव तुमच्यावर रागावला आहे आणि आज रात्री चंद्र त्याची साक्ष देईल. चंद्र तांबूस झाला, लोकांत आकांत उडाला आणि अन्नाचा पुरवठा पुन्हा सुरू झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोलंबसाने ते ग्रहण स्वतः वर्तविलेले नव्हते. गणित दुसऱ्याचे आणि छपाई तिसऱ्याची. त्याच्याजवळ एक पुस्तक होते आणि समोरच्यांजवळ ते नव्हते, एवढीच त्याची शक्ती. शिवाय, ज्यांनी महिनोन् महिने अन्न दिले त्यांनाच त्याने फसविले, हेही विसरून चालणार नाही.

आता ट्वेनच्या नायकाला त्याच 528 साली इंग्लंडऐवजी उज्जयिनीस नेऊन सोडू या. तेथे त्याची धमकी चालली असती काय? आर्यभटाने 499 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेने व सूर्यग्रहण चंद्रामुळे घडते असे सांगितलेले आहे. प्रत्यक्ष अवंतीतच त्या सुमारास वराहमिहिर होता, आणि ग्रहणास राहू कारण नाही हे त्यानेही स्पष्ट लिहून ठेविले आहे. या पंडितांनी पाहुण्याला बहुधा ग्रहणाची वेळ घटका-पळांत विचारली असती, आणि बिचाऱ्याला उत्तर देता आले नसते!

परंतु यावरून आपण फुशारून जावे असे मात्र नाही. सुमारे 1030 साली अल् बीरूनी याने भारतावर मोठा ग्रंथ लिहिला. ग्रहणाचे खरे कारण जाणणारे ब्रह्मगुप्तासारखे विद्वानही लोकमतापुढे मान तुकवून राहूची कथा उचलून धरतात, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे गणित आपल्याकडे होते, परंतु ते पोथीत होते. उज्जयिनीच्या पंडितांना त्या परक्याने घाबरविले नसते. बाजारातील माणसाला मात्र खुशाल घाबरविले असते.

आता दुसरा प्रश्न. ग्रहणाची युक्ती एकदाच चालते. मग पुढे काय? आपण विजेचे बटण दाबतो, परंतु तांब्याची तार ओढावयास सांगितली तर किती जणांना साधेल? जेम्स वॅटने वाफेच्या यंत्राची आपली सुधारणा 1769 साली नोंदविली. कल्पना पूर्ण होती, तरीही यंत्र नीट चालेना, कारण नळकांडे आतून अचूक गोल कोरणारा कारागीर मिळत नव्हता. 1775 च्या सुमारास जॉन विल्किन्सनने तसे कोरण्याचे यंत्र केले, तेव्हा वॅटचे काम मार्गी लागले. शोध एकाचा म्हणून आपण पाठ करतो. पण त्यामागे लोहार, खाणकामगार, सावकार, गणिती असा सारा गाव उभा असतो. तो गाव पाठीवर बांधून कोणास भूतकाळात नेता येत नाही.

स्प्रेग द कँप या लेखकाला हे चांगले उमगले होते. त्याच्या 1939 सालच्या कथेतला मार्टिन पॅडवे सहाव्या शतकातील रोममध्ये जातो. त्याला तोफेची दारू साधत नाही, घड्याळही जमत नाही. त्याला पहिले भांडवल मिळते ते एका सावकाराच्या कारकुनांना अंकांनी हिशेब करावयास शिकविण्याच्या बोलीवर. हे अंक म्हणजे भारतात जन्मलेली आणि अरबांमार्फत युरोपात गेलेली, शून्यासह दहा चिन्हांची पद्धत. आपली मुले पहिलीत गिरवितात तीच. ती दुसऱ्याला शिकविता येते, म्हणून ती टिकते.

ट्वेनचा नायक येथेच चुकला. त्याने कारखाने काढले, शाळाही काढल्या, परंतु त्या वर्षानुवर्षे लोकांपासून दडवून ठेविल्या. सामान्य जनतेच्या दृष्टीने तो केवळ मोठा जादूगारच राहिला. धर्मपीठाने बहिष्कार पुकारताच सारा देश त्याच्यावर उलटला आणि त्याच्या बाजूस अवघी बावन्न मुले उरली. विजेच्या तारा आणि यंत्रतोफा यांनी त्याने पंचवीस हजार माणसे मारली, आणि त्या प्रेतांच्याच वेढ्यात, त्यांच्या दूषित हवेत, तो स्वतः अडकून पडला. विनोदी म्हणून सुरू झालेल्या पुस्तकाचा असा शेवट ट्वेनने उगाच केला नसावा.

असे प्रसंग काही केवळ कादंबरीतच घडत नाहीत. 1556 साली गोव्यात छापखाना आला. भारतात तो पहिला. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण छापले गेले, तेही रोमन लिपीत. देवनागरी वा मोडी वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग? पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्धच हुकूम काढला. छपाई थांबली, ती 1821 साली सरकारी छापखाना निघेपर्यंत. यंत्र काळाच्या पुढचे होते, पण ते मोजक्या हातांत राहिले आणि त्या हातांबरोबरच थंडावले.

आणि आपण? 16 फेब्रुवारी 1980 रोजी दुपारी कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यातून खग्रास सूर्यग्रहण गेले. त्याची वेळ पंचांगांत होती, वर्तमानपत्रांत होती, नभोवाणीवरही सांगितली गेली. तरीही मुंबईसारख्या शहरातले रस्ते त्या दुपारी ओस पडले होते. डोळे जपावेत हे योग्यच. परंतु त्या बंद दारांआड केवळ डोळ्यांची काळजी नव्हती. वेळ घरोघर पोहोचली होती, कारण पोहोचले नव्हते. ते पोहोचविण्याचे काम आम्हां शिक्षकांचे. एक चेंडू, एक लिंबू आणि एक दिवा एवढ्या सामग्रीवर ते अर्ध्या तासात होते. तेवढे ज्या गावात झाले, त्या गावाला सूर्य विझविण्याची भीती घालून कोणी राज्य मिळवू शकणार नाही.