मुख्याध्यापक एकटा पडता कामा नये
(कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



शिक्षणातील समतेचा विचार करताना आपण कायदा, अनुदान आणि शासकीय धोरण यांपाशी थांबतो. ज्याच्या सहीने मूल शाळेत येते किंवा बाहेर राहते, तो मुख्याध्यापक आपल्या विचारात क्वचितच असतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकाकडे निघतात. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. मुलेही बरोबर जातात. अशा मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे आणि दाखल्याच्या विलंबाचे कारण सांगून प्रवेश नाकारता येणार नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम सांगते. परंतु कारखान्याजवळच्या मुख्याध्यापकापुढचा हिशेब निराळा असतो. चार-पाच महिन्यांसाठी आलेले मूल अभ्यासात मागे असते, हजेरी अनियमित असते आणि प्रगतीचा जाब त्यालाच द्यावा लागतो. खर्च एकाच्या माथी आणि लाभ साऱ्या समाजाचा, असे काम केवळ सद्भावनेवर फार काळ चालत नाही. हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे.

हा भार वाटून घेण्याचा मार्ग म्हणजे मुख्याध्यापकांचा परस्परांशी नित्याचा संबंध. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळासंकुलाची शिफारस केली. जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळा तिच्याशी जोडाव्यात आणि प्रत्येक शाळेचे एकाकीपण मोडावे, हा त्यामागील विचार होता. आपल्याकडे केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदाही भरतात. मात्र परिपत्रके वाचणे आणि माहितीचे तक्ते गोळा करणे एवढ्यावरच त्या पुष्कळदा आटोपतात.

तेथे एखाद्या मुख्याध्यापिकेने फडावरची मुले कागदपत्रांवाचून कशी दाखल करून घेतली हे सांगितले, तर शेजारच्या शाळेला ‘हे अशक्य आहे’ असे म्हणता येत नाही. वरिष्ठांच्या आदेशाने भय उत्पन्न होते. बरोबरीच्या माणसाच्या शब्दाने धीर येतो आणि टाळाटाळीची लाजही वाटते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. पण पाठविणारा आणि स्वीकारणारा मुख्याध्यापक एकमेकांना ओळखत असतील, तरच त्या कागदामागोमाग मूल वर्गापर्यंत पोहोचले की नाही, याची चौकशी होते.

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. अशा मंडळांकडे बोट दाखवून शासनाला शिक्षकांची रिक्त पदे आणि हंगामी वसतिगृहे यांची जबाबदारी झटकता येणार नाही. तसेच ही मंडळे केवळ आपल्या सोयी राखणारी होऊ नयेत, म्हणून त्यांच्यावर पालकांची नजर हवी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदाच सांगतो.

आपले काम येथे सुरू होते. बीडच्या कार्यकर्त्यांनी निघणाऱ्या टोळ्यांतील मुलांची यादी करावी, कारखान्याच्या भागातील साथींनी ती तेथील मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी आणि दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांची गाठ घालून द्यावी. समतेचा आग्रह धरणारा मुख्याध्यापक आजही आहे. त्याला सोबती मिळवून देणे, हे राजकीय कामच आहे.