रमाकांत आचरेकर : एका क्रीडागुरूचे स्मरण
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी मंडळाने आम्हांस दिली, याबद्दल प्रथम आम्ही कृतज्ञता व्यक्त करतो. आम्ही वक्ते नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत टिपणे लिहिण्यात उभी हयात गेलेला माणूस भाषणाला उभा राहिला, की श्रोत्यांच्या मनात धास्ती उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. तेव्हा विषय आम्ही असा निवडला आहे, की वक्ता रुक्ष निघाला तरी विषयाने सभेला तारावे. तो विषय म्हणजे शाळकरी मुलांना क्रिकेट शिकविण्यात आयुष्य वेचलेले कै. रमाकांत विठ्ठल आचरेकर सर.

म्हैसूरनगरीत मुंबईच्या गुरूचे स्मरण कशासाठी, असे कोणी विचारील. गुरूची महती या नगरीला नव्याने सांगावी लागत नाही. येथील जुन्या गरडीच्या तांबड्या मातीला नमस्कार केल्यावाचून मल्ल आत पाऊल टाकीत नसे. शिवाय याच नगरीत वाढलेला जवागल श्रीनाथ आणि आचरेकर सरांचा सचिन तेंडुलकर वर्षानुवर्षे एकाच संघातून देशासाठी खेळले. तेव्हा सर आपल्याला सर्वस्वी परके नाहीत.

सरांचा जन्म सन १९३२ मधला, मालवणचा. पुढे ते मुंबईत स्थायिक झाले, स्टेट बँकेत नोकरीस लागले आणि क्रिकेट खेळू लागले. प्रथम श्रेणीचा सामना मात्र त्यांच्या वाट्याला एकच आला. सन १९६३-६४ च्या हंगामात, मोईनुद्दौला चषक स्पर्धेत, स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध. एक सामना, आणि तेथेच खेळाडूचा प्रवास संपला! एखाद्याने नशिबाला बोल लावीत उरलेले आयुष्य काढले असते. सरांनी तसे केले नाही. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या मुलांना त्यांनी हाताशी धरले, शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्रिकेट क्लब उभा केला, आणि नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ ते मैदानावर उभे राहू लागले. येथे बसलेल्या आम्हां नोकरदारांनी ‘नोकरी सांभाळून’ हे दोन शब्द ध्यानात घ्यावेत. ‘वेळच मिळत नाही’ हे आमचे पालुपद त्या दोन शब्दांपुढे फिके पडते.

त्या काळी आम्ही दादरच्याच एका शाळेत शिकत होतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पाय सोडून बसावे आणि नेटमधला सराव पाहावा, हा आमचा संध्याकाळचा उद्योग. डोक्यावर टोपी घातलेले, मोजके बोलणारे सर आम्ही दुरूनच पाहिले. त्यांच्याशी बोलण्याचे धाडस आम्हांस कधी झाले नाही. जे पाहिले त्याचा अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनी उमगला.

सरांची शिकवण्याची रीत सर्वश्रुत आहे, तरी मंडळातील बालगोपाळांसाठी ती पुन्हा सांगावीशी वाटते. सरावाच्या अखेरीस सचिन थकला, की सर मधल्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचे ते नाणे, आणि कोणालाच ते न साधले तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने मिळविली आणि जन्मभर जपली. फलंदाजी आटोपली, की पायांत पॅड आणि हातांत ग्लोव्हज तसेच ठेवून मैदानाला दोन फेऱ्या मारावयाच्या. मुलाला अधिक सामने खेळावयास मिळावेत म्हणून सर त्याला आपल्या स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. एकदा सराव सामना सोडून सचिन आपल्याच शाळेच्या संघाचा अंतिम सामना पाहावयास वानखेडे स्टेडियमवर गेला. सरांनी त्याच्या कानशिलात लगावली आणि बजावले, की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवीत बसू नकोस, लोक तुझा खेळ पाहावयास आले पाहिजेत. ही हकीकत स्वतः सचिननेच अनेकदा कृतज्ञतेने सांगितली आहे. आज कोणी मुलावर हात उगारलेला आम्हांस रुचणार नाही, परंतु त्या शब्दांमागची कळकळ नाकारता येणार नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमची गाठ सेंट झेवियर्सशी पडली. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ धावांची, आणि शाळेची धावसंख्या दोन बाद ७४८. सर तेव्हा मैदानावर नव्हते. डाव घोषित करावा असा त्यांचा निरोप होता, परंतु दोन्ही मुले बाहेरून होणाऱ्या खाणाखुणांकडे पाहीनातच. अखेर दूरध्वनीवरून सरांची आज्ञा झाली. विनोदला साडेतीनशेला एकच धाव हवी होती. त्याने ती मागितली, सरांनी दिली नाही. सामना जिंकावयाचा होता.

त्या विक्रमाची जगभर वाहवा झाली. परंतु सांगण्यासारखी गोष्ट तिसऱ्याच मुलाची आहे. पुढचा फलंदाज म्हणून तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. दोन दिवस तो तसाच बसून राहिला, त्याची पाळी आलीच नाही. पुढे १९९३-९४ मध्ये मुंबईकडून रणजीतील पहिल्याच डावात त्याने २६० धावा केल्या, पुढेही धावांच्या राशी रचल्या, आणि तरीही भारताच्या कसोटी संघाचे दार त्याच्यासाठी कधी उघडले नाही. एकाच गुरूच्या हाताखालची ही तीन मुले. एकाला सर्व काही लाभले. दुसऱ्याने प्रारंभीच्या कसोटींत द्विशतकांचा सपाटा लावला आणि त्याची कारकीर्द अकालीच आटोपली. तिसरा पाळीची वाट पाहतच राहिला. गुरू विद्या देतो, दैव देऊ शकत नाही, हे जाणूनही सर दररोज सकाळी मैदानावर जात राहिले. त्यांचे मोठेपण आम्हांस येथे दिसते.

आता थोडे आमच्याविषयी. सरांनी ‘छान खेळलास’ असे आपल्याला कधीच म्हटले नाही, ही गोष्ट सचिनने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी, निवृत्तीच्या दिवशी, भरल्या वानखेडेवर सांगितली. शिष्य शेफारून जाऊ नये एवढाच त्यामागील हेतू. सरांची ही मौनाची रीत आम्हांस फार आवडली होती आणि आमच्या कचेरीत आम्ही ती निष्ठेने पाळली. हाताखालच्या माणसाचे काम कितीही चोख असो, शाबासकीचा शब्द आमच्या तोंडून कधी निघाला नाही. चूक मात्र लाल शाईने दाखविली. एके दिवशी एक अत्यंत कर्तबगार तरुण सहायक बदलीचा अर्ज घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. कारण विचारता नम्रपणे म्हणाला, “साहेब, तीन वर्षांत माझे काम आपणांस कसे वाटले हेच मला कळले नाही.” आम्ही निरुत्तर झालो. तो गेला, आणि त्याच्या जाण्याने झालेली हानी कचेरीला पुढे कित्येक महिने जाणवली.

त्यानंतर आम्ही सरांचे चरित्र मनाशी पुन्हा चाळले, तेव्हा आमची चूक ध्यानात आली. सर बोलत नसत हे खरे, परंतु सामना चांगला झाला की त्या मुलाला भेळ किंवा पाणीपुरी खावयास घेऊन जात. सर खूष आहेत, हे मुलाने त्यावरून ओळखावे. यष्टीवर नाणे होते, स्कूटरची मागची बैठक होती, उन्हातान्हात उभे राहणे होते. आम्ही त्यांचे मौन तेवढे उचलले, आणि त्या मौनाला ज्याने अर्थ येत होता ते सारे सोडून दिले! सरकारने सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री दिली. महाभारतातील द्रोणाचार्यांनी शिष्याचा अंगठा मागितला होता. आमच्या या द्रोणाचार्याने शिष्यापुढे आपल्या खिशातला रुपया ठेवला.

२ जानेवारी २०१९ रोजी सरांनी देह ठेवला. सचिनने त्यांच्या पार्थिवाला खांदा दिला. ३ डिसेंबर २०२४ रोजी, सरांच्या जयंतीस, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. खरे स्मारक मात्र आधीच उभे राहिले होते. जून २०२२ मध्ये आपल्या बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. विजयी मध्य प्रदेशचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तर पराभूत मुंबईचे अमोल मुझुमदार. दोघेही आचरेकर सरांचेच विद्यार्थी! आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने प्रथमच विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक होता हाच अमोल. पॅड बांधून दोन दिवस बसलेल्या मुलाची पाळी अशी सदतीस वर्षांनी आली, आणि ती आली ती दुसऱ्यांना शिकविण्यासाठी.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे हे मंडळ चालले तेही अशाच माणसांमुळे. नोकरी सांभाळून कोणी येथे बालवर्ग घेतला, कोणी नाटके बसविली, कोणी सतरंज्या अंथरल्या. त्यांपैकी पुष्कळांना ‘छान केलेत’ असे म्हणावयाचे राहून गेले आहे. निदान या सोहळ्यात तरी ते राहू नये. आणि आमच्यासारख्या निवृत्तीच्या उंबरठ्यावरील मंडळींनी आठवड्यातील एक तास मुलांसाठी द्यावा, एवढीच विनंती. क्रिकेटच शिकवावयास हवे असे नाही, जे येते ते शिकवावे. आमचे नाव आम्ही आजच कार्यवाहांकडे नोंदवून ठेवले आहे.