एका सडेफटिंग चित्रकाराचा संसार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्या चिटणिसांनी आम्हांस भाषणाचे आमंत्रण देताना दोन अटी घातल्या. पहिली अट अशी की उपदेश करावयाचा नाही. दुसरी अशी की अर्ध्या तासाच्या आत आटोपावयाचे, कारण तोपर्यंत मागील बाजूस जिलेबी तळणीत पडलेली असेल. ज्याने उभा जन्म मास्तरकीत घालविला त्यास या दोन्ही अटी सारख्याच जड आहेत. तथापि जिलेबीच्या मानाने आपल्या वक्तृत्वाची गोडी किती, हे ओळखण्याइतका विवेक आमच्या ठायी अजून शिल्लक आहे.

शाळेत गणित व मराठी हे आमचे विषय असले तरी वेळापत्रकात कोठे भोक पडले की चित्रकलेचा तास आमच्या गळ्यात येई. त्या तासामुळे पालकांचा एक प्रश्न आम्हांस पाठ झाला. ‘‘गुरुजी, पोरगा वह्यांच्या समासात माकडे काढतो. याने पुढे पोट भरेल काय?’’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येण्यासारखे नाही. म्हणून आज आम्ही एका अशा माणसाची हकीकत सांगणार आहोत की ज्याने जन्मभर हेच केले. त्याचे नाव एडवर्ड लिअर. जन्म लंडनजवळ, १८१२ साली. एकवीस भावंडांतला तो विसावा, असे त्याच्या चरित्रांतून सांगितलेले असते. बापाचा शेअरबाजाराचा धंदा बुडाला, घर विसकटले, आणि या पोरास त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठी असलेल्या बहिणीने, अ‍ॅनने, वाढविले. तिने स्वतः लग्न केले नाही; चित्र काढावयासही पहिल्याने शिकविले ते घरातल्या बहिणींनीच.

पंधरासोळाव्या वर्षी पोटासाठी पेन्सिल हाती धरावी लागली. दुकानांत विकावयाची किरकोळ चित्रे, पंखे व पडदे रंगविणे, आणि डॉक्टरांसाठी रोगांची चित्रे काढणे, असली मिळतील ती कामे त्याने केली. मग अठराव्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पोपटांवर त्याचे लक्ष गेले. मेलेल्या, भुसा भरलेल्या पक्ष्यावरून चित्र काढण्याची त्या काळची वहिवाट होती. हा पठ्ठ्या जिवंत पोपटापुढे जाऊन बसे. रखवालदाराने पक्षी धरावयाचा, याने पंख मोजावयाचे, आणि पाहावयास जमलेल्या गर्दीतील बऱ्याबऱ्या माणसांची तोंडे कागदाच्या कडेला हळूच उतरवून घ्यावयाची! पोपट व प्रेक्षक यांपैकी पिंजऱ्यात कोण, असा प्रश्न ती चित्रे पाहून पडतो.

१८३० ते १८३२ या काळात त्याचा पोपटांचा ग्रंथ भागाभागाने निघाला. बेचाळीस चित्रे, प्रती अवघ्या १७५. शिळेवर चित्रे उतरविण्याचे काम त्याचे स्वतःचेच. छापून झालेल्या कागदांनी राहत्या खोलीचा असा काही ताबा घेतला की बाहेरगावच्या एका स्नेह्यास त्याने पत्राने कळविले की खोलीत खुर्च्या आहेत सहा, पैकी पाच पोपटांनी अडविल्या आहेत, तेव्हा तुम्ही आलात तर शेकोटीच्या जाळीवरच बूड टेकावे लागेल. आपल्याकडे दिवाळीत फराळाचे डबे बिछान्यावर येतात व माणसे जमिनीवर जातात, त्यातलाच हा प्रकार. वर्गणीदार मात्र वेळेवर पैसे देत नसत, आणि चौदा भागांचा बेत बारांवर आटोपावा लागला. (आमच्या स्मरणिकेचे खजिनदार मान डोलावीत आहेत, ते आम्हांस येथून दिसते.) एका निळ्या पोपटाच्या जातीस मात्र शास्त्रज्ञांनी पुढे लिअरचेच नाव दिले. तो पक्षी ब्राझीलमध्ये राहतो, आणि रानात त्याचा ठाव लागण्यास १९७८ साल उजाडावे लागले.

हे पोपट पाहून डर्बीच्या सरदारघराण्याने त्यास नोज्ली या आपल्या वाड्यावर, खासगी पक्षी-पशूंची चित्रे काढण्यासाठी, बोलाविले. प्रथम त्याचे पान कारभाऱ्यांच्या पंगतीत मांडले जाई. सांगतात असे की वृद्ध सरदारांची नातवंडे जेवण होताच पसार होऊ लागली. आजोबांनी चौकशी केली तेव्हा कळले की खाली तो पक्षी काढणारा माणूस आहे, त्याच्याजवळ फार मौज असते. दुसऱ्या दिवसापासून चित्रकाराचे पान वर मांडले गेले. एवढी बढती आमच्या पाहण्यात कोणत्याही शिक्षकास विद्यार्थ्यांच्या शिफारशीने मिळालेली नाही.

त्या नातवंडांसाठी लिअर पाच-पाच ओळींचे यमकी वेडगळ श्लोक करी व प्रत्येकास एक चित्र काढी. कोणा म्हाताऱ्याच्या दाढीत घुबडे घरटी करीत आहेत, कोणाचे नाक इतके लांब की त्यावर पाखरांची रांग बसली आहे! माणसे पक्ष्यांसारखी दिसतात आणि पक्षी आपल्या ओळखीच्या माणसांसारखे. या पद्यांस अर्थ नाही, उपदेश तर नाहीच. त्या काळी मुलांच्या पुस्तकात खोडकर मुलाचे हात तरी भाजत किंवा तो नदीत तरी पडे. या गृहस्थाच्या पुस्तकातून मुलांस काही शिकावयास मिळत नाही, आणि म्हणूनच मुले ते पुन्हा पुन्हा मागून घेत. हे पुस्तक १८४६ साली टोपणनावाने छापले गेले. त्याच वर्षी त्याने व्हिक्टोरिया राणीस चित्रकलेचे बारा धडे दिले. राजवाड्यात शेकोटीकडे पाठ करून शेकत उभे राहण्याची त्याची सवय दरबारी मंडळींना शिष्टाचाराविरुद्ध वाटे. कोणी तरी येऊन त्यास गोड बोलत बाजूस नेई. हा बोलणे संपले की पुन्हा शेकोटीपाशी. आपल्याला मुद्दामच हलविले जात आहे, हे त्याला पुष्कळ उशिराने उमगले म्हणतात.

टोपणनावाचा परिणाम पुढे गमतीचा झाला. १८६१ च्या आवृत्तीवर त्याने स्वतःचे नाव घातले, तरी लोकांना खरे वाटेना. आगगाडीच्या डब्यात दोन बाया व मुले हेच पुस्तक वाचून हसत होती. समोरच्या एका प्रौढ गृहस्थाने मोठ्या जाणतेपणाने खुलासा केला की एडवर्ड लिअर नावाचा मनुष्यच अस्तित्वात नाही. डर्बीच्या अर्लसाहेबांनीच हे पुस्तक केले. एडवर्ड हे त्यांचे नाव, आणि ‘अर्ल’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट केली की ‘लिअर’ होते! कोपऱ्यात बसलेला लिअर हे ऐकत होता. त्याने उठून टोपी काढली, आतले नाव दाखविले, खिशातील पत्रे दाखविली, तेव्हा कोठे त्याचे अस्तित्व मान्य झाले. हयातीचा दाखला घेऊन दरवर्षी बँकेत उभे राहणाऱ्या आम्हां पेन्शनरांना या प्रसंगातील विनोद जरा अधिक समजतो.

आता पोटाच्या प्रश्नाकडे वळू. हे पुस्तक त्याने प्रकाशकास सव्वाशे पौंडांत कायमचे देऊन टाकले, आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या त्या दुसऱ्याच्या पदरात. त्याचा स्वतःचा भरवसा होता तो देखाव्यांच्या चित्रांवर. पहाटे उठावे, मैलोगणती चालावे, पेन्सिलीने भराभर रेखाटन करावे, कोठे कोणता रंग तो शब्दाने चित्रातच लिहून ठेवावा, आणि रात्री दिव्याखाली शाईने व रंगाने ते पक्के करावे, हा त्याचा दिनक्रम. ती टिपणेसुद्धा मुद्दाम अशुद्ध लिहिलेली! शुद्धलेखनाचे गुण कापून आमचे बोट झिजले, पण या एका विद्यार्थ्याचे आम्ही कापले नसते. घरभाडे थकले की तो एकाच वेळी साठ-साठ कागद मांडून बसे. आधी सगळ्यांवर निळा रंग, मग सगळ्यांवर तांबूस, जशा आपल्याकडे पापड लाटणाऱ्या बाया ओळीने लाट्या मांडतात. या चित्रांना त्याने ‘जुलमी’ असे नाव दिले होते, ते अगदी यथार्थ होय.

१८४८ साली आल्बानियात एका गावी तो किल्ल्याचे चित्र काढू लागला, तेव्हा भोवतालचे लोक प्रथम ओळख पटून हसले. पण एका दरवेशाने ‘‘सैतान चित्र काढतो!’’ अशी हाकाटी केली. दुसऱ्या एका ठिकाणी ओढ्याकाठची कोवळी भाजी त्याने भाकरीबरोबर खाल्ली. ते पाहून गुराख्यांच्या पोरांना वाटले की हा साहेब वाटेल ते खातो. एकाने काटेरी झुडूप आणून दिले, एकाने काटक्या आणल्या, एकाने चांगला गुबगुबीत नाकतोडा आणला, आणि प्रत्येक वस्तू नाकारताच सगळी जण, लिअरसकट, पोट धरून हसली. भाषा कोणास कोणाची येत नव्हती.

हिंदुस्थानात तो १८७३ च्या नोव्हेंबरात मुंबईस उतरला, वय एकसष्ट. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांचे आमंत्रण होते. मुंबईची झाडेझुडपे व माणसांचे वेष पाहून आपल्याला हर्षाने वेड लागावयाचे बाकी आहे, अशा अर्थाचे त्याने रोजनिशीत टिपले आहे. तो काशीस गेला, दार्जिलिंगहून त्याने कांचनगंगा रेखाटले, आणि १८७४ साली आपल्या पुण्यातही राहिला. त्याच वर्षी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात त्याची एक विनोदी कविता छापून आली. साहेबलोकांच्या घरात रोज ऐकू येणारे आपले शब्द त्याने घेतले आणि त्यांचे अर्थ मनास येतील तसे बदलले. त्याची नायिका बसते ती धोब्यावर! खानसामे ही उंच झाडे, खिदमतगार म्हणजे लोंबणाऱ्या वेली, पंखे येता-जाता तिच्या रूपाची वाखाणणी करणार, आणि शेवटी ‘कमरबंद’ नावाचा भयंकर प्राणी येऊन तिला गिळणार. विलायतेतील वाचकास हा शब्दांचा नाद एवढेच वाटत असेल. पुरी गंमत कळण्यास मराठी किंवा हिंदीच आली पाहिजे. इतक्या वर्षांनी का होईना, आपण तिचे खरे धनी आहोत.

बंधुभगिनींनो, इतका वेळ आपण हसलो. पण या माणसाच्या घरात एक गोष्ट होती ती त्याने कोणासही कळू दिली नाही. पाचसहा वर्षांचा असल्यापासून त्यास फेफरे येत असे. त्या रोगास तो ‘राक्षस’ म्हणे. येण्यापूर्वी त्याला चाहूल लागे, आणि तो चार माणसांतून उठून आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेई. रोजनिशीत त्या दिवसापुढे नुसती फुली. अनेक वर्षांच्या रोजनिशा आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतून त्या फुल्या विखुरल्या आहेत. जवळच्या मित्रांनाही पत्ता नव्हता. लग्नाचा विचार अनेकदा मनात आला व मागे गेला. फेफरे येणारे मूल दडवून ठेवण्याची चाल आपल्यातून पुरती गेली असे आम्हांस म्हणवत नाही. वधूवर मेळाव्याच्या नोंदवहीत काय लिहिले जाते व काय वगळले जाते, हे आपण सारे जाणतो. आज हा रोग औषधाने बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात राहतो. लिअरला ती सोय नव्हती. घुबड आणि मांजरी यांच्या लग्नाचे जे त्याचे सर्वांत गाजलेले गीत, ते त्याने १८६७ च्या नाताळात एका स्नेह्याच्या आजारी, लहानग्या मुलीसाठी लिहिले.

येथे चिटणिसांची पहिली अट मोडू नये म्हणून आम्ही उपदेश करीत नाही, फक्त सूचना मांडतो. आपल्या गुणगौरव समारंभात बक्षिसे टक्क्यांवर दिली जातात. त्यांत शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांत श्रेणी मिळविणाऱ्या मुलामुलींसाठी एक बक्षीस असावे. पहिल्या वर्षीची रक्कम आमच्या पेन्शनीतून घ्यावी. कार्यकारी मंडळाने पुढील बैठकीत याचा निकाल करावा, अशी विनंती आहे.

आता त्याच्या संसाराविषयी थोडे सांगून पुरे करतो. संसारात तिघे जण होते. एक तो, दुसरा त्याचा नोकर जॉर्जो कोकाली, आणि तिसरा फॉस नावाचा बोका. जॉर्जो कॉर्फूचा. सत्तावीस वर्षे त्याने लिअरबरोबर प्रवास केला, हिंदुस्थानातही तो बरोबर होता. मालकाने त्यास स्वतः लिहावयास शिकविले. फॉस दिसावयास बेढब होता, शेपूट अर्धेच. हा बोका पळून जाऊ नये म्हणून एका नोकराने ते तोडले होते. लिअरने त्याची सरदारी थाटाची सात चित्रे काढून त्यास घराण्याची बिरुदे बहाल केली. म्हातारपणी इटलीत सॅन रेमो येथे बांधलेल्या घरापुढे एक मोठे हॉटेल उभे राहिले आणि चित्रशाळेतला उजेड गेला. मित्रांच्या मदतीने नवे घर बांधले, ते हुबेहूब जुन्याच नकाशाचे. सांगतात की फॉसला खोल्या शोधाव्या लागू नयेत, हेच त्याचे कारण. आजकाल इमारतींचे पुनर्बांधकाम होते तेव्हा सत्तर वर्षांच्या आजीचासुद्धा एवढा विचार कोणी करीत नाही.

जॉर्जो १८८३ साली गेला. १८८७ च्या सप्टेंबरात फॉस गेला. त्यास बागेत पुरले व वर दगड बसविला. त्या दगडावर त्याचे वय एकतीस वर्षे घातले आहे. बोका त्याच्या निम्मेच वर्षे जगला असावा, पण मालकाच्या हिशेबात ती तितकी भरली. १८८८ च्या जानेवारीच्या एकोणतिसाव्या तारखेस लिअर वारला. सॅन रेमोच्या दफनभूमीत त्याचा दगड आहे, आणि त्याला लागूनच, त्याच घडणीचा, त्याच्या नोकराच्या स्मरणाचा दगड आहे.

 बालमित्रांनो, मागे कागद व खडू ठेवले आहेत. जिलेबी येईपर्यंत ज्याला जो पक्षी काढावयाचा असेल तो त्याने काढावा; आमच्या तोंडासारखा झाला तरी हरकत नाही.