रुग्णाची माहिती : विश्वासाची ठेव



रुग्ण वैद्यासमोर जे बोलतो, ते अनेकदा त्याने घरच्यांनाही सांगितलेले नसते. ती विश्वासाने सोपविलेली ठेव असते. पूर्वी ती कागदी फाइलीत, कपाटात बंद असे. आज ती संगणकात असून रुग्णालयातील शेकडो कर्मचाऱ्यांच्या हाताशी आहे.

ही ठेव कशी लुटली जाते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे घडले. अभिनेत्री फॅरा फॉसेट यांच्यावर तेथील यूसीएलए रुग्णालयात कर्करोगाचे उपचार चालू होते. त्यांच्या आजाराच्या बातम्या एका साप्ताहिकात छापून येत. २००७ साली रोग उलटल्याचे समजताच त्यांनी ही गोष्ट आप्तेष्टांपासून मुद्दाम लपविली. तरीही थोड्याच दिवसांत ती छापून आली! तेव्हा संगणकातील नोंदी तपासल्या गेल्या. एका प्रशासकीय कर्मचारी महिलेने त्यांची फाइल वारंवार उघडल्याचे आढळले. माहिती विकून तिने किमान ४,६०० डॉलर मिळविले होते. २००८ साली तिने न्यायालयात गुन्हा कबूल केला. रुग्णांच्या फायली विनाकारण पाहिल्या गेल्याच्या तक्रारींवरून २०११ साली या संस्थेने ८,६५,५०० डॉलर भरून सरकारशी तडजोड केली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की फाइल कोणी, केव्हा उघडली याची नोंद संगणकात आधीपासूनच होती. ती वेळीच वाचणारे कोणी नव्हते. अखेर आजारी स्त्रीलाच सापळा लावावा लागला.

मग प्रत्येक फाइलीला कुलूप का घालू नये? कारण मध्यरात्री अपघाताचा रुग्ण आला असता डॉक्टरांना परवानगीची वाट पाहता येत नाही. दार उघडे ठेवणे भाग असते, म्हणूनच आत जाणाऱ्यावर लक्ष हवे. रोजकीर्द कितीही नेटकी लिहिली, तरी तिची तपासणी झाली नाही तर अफरातफर उघडकीस येत नाही. तसेच हे आहे. उपचारांशी संबंध नसताना सहकाऱ्याची, शेजाऱ्याची वा नामांकित व्यक्तीची फाइल कोणी उघडली का, हे नियमितपणे पाहिले पाहिजे.

मात्र ही देखरेख चोरून नसावी. कर्मचाऱ्यांना तिची पूर्वकल्पना द्यावी, आणि ज्येष्ठ डॉक्टरांपासून कारकुनापर्यंत सर्वांना एकच नियम असावा. बहुसंख्य कर्मचारी प्रामाणिक असतात. चोख तपासणीमुळे त्यांच्यावरील नाहक संशयही टळतो.

भारतातही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु कायद्याच्या धाकापेक्षा रुग्णाचा विश्वास मोठा आहे. तो एकदा गेला, तर रुग्ण डॉक्टरांपासूनही आजार लपवील, आणि तेथे कोणतेही औषध लागू पडणार नाही.