थकलेल्या मेंदूला श्वासाचा आधार

रावेतजवळच्या महामार्गावर डोक्याला मार लागलेला माणूस टाके निघाले की बरा दिसतो. पण विजेचं बिल वाचतानाही त्याचा मेंदू थकू शकतो. हा आळस नव्हे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 साली पक्षाघात आणि मेंदूच्या दुखापतीच्या 29 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 8 आठवड्यांच्या सजगता-सरावानंतर मानसिक थकवा घटला, अंक-चिन्हांच्या जोड्या लावण्याच्या चाचणीतही सुधारणा दिसली. भरकटलेलं लक्ष पुन्हा श्वासावर आणणं, हा या सरावातला एक व्यायाम. अभ्यास लहान आहे, ही शंका रास्तच. म्हणूनच हा सराव उपचारांच्या जागी नको, जोडीला हवा. डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि घरच्यांच्या धीराने.