पुण्याचा ‘केसरी’ आणि नागपूरचा ‘हिंदी केसरी’



वृत्तपत्रविद्या हा विद्यापीठात शिकविण्याचा विषय होऊन बराच काळ लोटला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ साली त्याचा विभाग सुरू झाला. भोपाळला १९९० च्या कायद्याने माखनलाल चतुर्वेदींच्या नावाचे पत्रकारिता विद्यापीठच उभे राहिले. बातमी कशी लिहावी, मथळा कसा द्यावा, हे तेथे शिकविले जाते. ते शिकविलेच पाहिजे. परंतु राजकीय विचार एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कसा उतरतो, हा प्रश्न त्याहून खोल आहे. त्याचे उत्तम उदाहरण शोधण्यास फ्रीगंजातील मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. ते माधवराव सप्रे यांचे.

१८७१ साली दमोहजवळील पथरिया येथे जन्मलेल्या या मराठी भाषिक गृहस्थाने १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते फार काळ चालले नाही. एप्रिल १९०७ मध्ये नागपुरातून त्यांचा ‘हिंदी केसरी’ निघाला. लोकमान्यांचे विचार हिंदी वाचकापर्यंत न्यावेत, हा त्यामागील हेतू. हे निव्वळ भाषांतर होते, असे समजणे घाईचे ठरेल. पुण्याच्या वाचकाला जे अर्ध्या शब्दात कळे, ते नर्मदेकाठच्या वाचकाला उलगडून सांगणे भाग होते. संपादकाने काय ठेवले, काय गाळले, कोठे सूर चढविला वा उतरविला, हे दोन्ही पत्रांचे अंक शेजारी ठेवल्यावाचून उमगणार नाही. खरे संशोधन ते हेच.

त्यापुढचा भाग अवघड आहे. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्र दिले व ते सुटले. गौरवपर लेखनाचा कल हा प्रसंग उरकून टाकण्याकडे असतो. वर्गात मात्र तो उरकता कामा नये. सत्तेच्या दडपणाखाली संपादकाचे काय होते, हे शिकविण्यास याहून प्रामाणिक पाठ कोठला? सप्रे यांना त्याची खंत जन्मभर राहिली. ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१६ मध्ये हिंदीत आले तेही त्यांच्याच लेखणीतून. माफी दिलेल्या माणसाच्या हाती हे काम यावे, यात टिळकांच्या मनाचा मोठेपणाही दिसतो.

त्यांच्या स्मरणार्थ भोपाळमध्ये १९८४ साली वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले. जुने अंक जपण्याचे, अभ्यासकांपुढे ठेवण्याचे काम तेथे होते. तथापि एक संग्रहालय कोठवर पुरणार? फ्रीगंजातील जुन्या घरांच्या माळ्यावर मराठी-हिंदी पत्रांची बाडे असतील, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत जाण्याआधी वाचनालयात दाखवून घ्यावीत. तारीख आणि अंकाचा क्रमांक शाबूत असला, तर फाटका अंकही चालेल.